नाताळची ओवी



आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "नाताळ आपला सण नाही, मग मुलांना चांदण्या कशाला करायला लावता?" प्रश्न रास्त होता. आम्ही इतिहासच सांगितला.

'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. आपल्या भिवंडीशेजारच्या वसईवर १५३४ ते १७३९ त्यांचा अंमल होता. त्या काळात, १५७९ साली, इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात आले. ते मराठी शिकले आणि येशूची कथा त्यांनी मराठी ओव्यांत रचली, जवळजवळ ११ हजार! हे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून रोमन लिपीत.

ज्ञानेश्वरी ओवीत, आपल्या आजीचं जात्यावरचं गाणंही ओवीच. मग ही कथा परकी कशी?

यंदा बालवाडीत एवढं करूया. आकाशकंदिलाच्या उरलेल्या कागदाची चांदणी करायची. मुलांनी आजीकडून ओवीची चाल शिकून यायचं आणि गव्हाणीतल्या बाळावर दोन ओळी जुळवायच्या. गव्हाण म्हणजे काय, हे गुरंवाल्या घरातलं पोरच वर्गाला सांगेल.

त्या ताई म्हणाल्या, "ओवी मी शिकवते."