कॅप्टन रूपसिंह : झाशीचे हॉकीपटू

मेजर ध्यानचंद यांचे धाकटे बंधू रूपसिंह (१९०८-१९७७) झाशीत घडले आणि 'झाशी हीरोज' संघातून खेळले. आघाडीच्या फळीत डावीकडे ते खेळत. ११ ऑगस्ट १९३२ रोजी लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान अमेरिकेचा २४-१ असा पराभव केला. त्यांपैकी १० गोल रूपसिंह यांचे होते, तर ८ ध्यानचंद यांचे. १९३६च्या बर्लिन सुवर्णपदकातही त्यांचा वाटा होता. ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानाच्या लष्करात ते कॅप्टन होते. तेथील मैदानाला त्यांचेच नाव आहे. २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकर यांनी पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधील पहिले द्विशतक याच मैदानावर झळकावले. विक्रम सर्वांना ठाऊक आहे. मैदान ज्यांच्या नावाचे, ते रूपसिंह मात्र विस्मृतीत गेले.