चाळ आणि बस्ती : मुंबई व कोलकाता येथील निवास, दाटी आणि संपत्ती यांचा तुलनात्मक विचार

प्रास्ताविक

ब्रिटिश अमदानीत वाढलेल्या भारतीय शहरांमध्ये मुंबई आणि कोलकाता यांची स्पर्धा दीर्घकाळ चालली. १९०१ च्या जनगणनेत कोलकात्याची लोकसंख्या सुमारे ८ लाख ४८ हजार होती. प्लेगने खंगलेल्या मुंबईची ७ लाख ७६ हजार. १९११ मध्ये राजधानी दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली आणि आर्थिक अग्रस्थान पुढील काही दशकांत मुंबईकडे सरकले. या स्पर्धेचे मोजमाप अभ्यासक बहुधा बंदरे, गिरण्या आणि भांडवल यांच्या आधारे करतात. तेथील कष्टकरी माणूस कोणत्या खोलीत राहिला आणि त्या खोलीखालची जमीन कोणाची होती, हा प्रश्न मात्र मागे पडतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाच्या अंगाने दोन्ही शहरांकडे पाहिले आहे.

भूमी, उद्योग आणि संपत्ती

मुंबईची जमीन समुद्रातून मिळविलेली आणि तिन्ही बाजूंनी पाण्याने अडविलेली. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेव येथे कापड गिरणीचा पाया घातला. पुढे परळ, लालबाग, वरळी या भागांत गिरण्या उभ्या राहिल्या त्या बेटाच्या आतच. गिरणीचा भोंगा ऐकू येईल अशा अंतरावर कामगाराने राहणे भाग होते. कोलकात्याचा ताग उद्योग मात्र १८५५ मध्ये रिश्रा येथे सुरू झाला आणि हुगळीच्या दोन्ही काठांनी टीटागढ, भाटपाडा अशा गावांमधून पसरला. त्यामुळे कामगारवस्तीचा मोठा भाग कोलकाता नगरपालिकेच्या हद्दीबाहेर राहिला. दोन शहरांच्या दाटीचे आकडे शेजारी शेजारी मांडताना ही गोष्ट नजरेआड होऊ नये.

संपत्तीचे स्वरूपही भिन्न होते. मुंबईत अफू व कापसाच्या व्यापारातून पारशी, भाटिया, गुजराती व्यापाऱ्यांचे भांडवल गिरण्यांत आले आणि शहरातील जमिनीतही गुंतले. बंगालमध्ये १७९३ च्या कायमधारा पद्धतीमुळे स्थानिक धनिकांचा ओढा जमीनदारीकडे राहिला आणि तागाचा उद्योग प्रामुख्याने ब्रिटिश मॅनेजिंग एजन्सींच्या हाती गेला. (दोन्ही शहरांतील संपत्तीचा एक विलक्षण धागा असा की, १८६५ च्या शेअर कोसळण्यात होरपळलेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून कोलकाता विद्यापीठाची प्रतिष्ठेची शिष्यवृत्तीही उभी राहिली.)

चाळ आणि बस्ती

मुंबईची चाळ ही बहुमजली इमारत. लांब गॅलरी, तिच्या कडेने ओळीने खोल्या, टोकाला सामायिक नळ व संडास. जमीन आणि इमारत यांचा मालक सामान्यतः एकच असे आणि भाडे हे त्याचे उत्पन्न. जागा महाग असल्याने एका खोलीत अधिकाधिक माणसे हा हिशेब मालकाच्या आणि नाइलाजाने भाडेकरूच्याही सोयीचा ठरला. १९११ च्या जनगणनेनुसार शहरातील दोनतृतीयांशांहून अधिक लोक एकखणी बिऱ्हाडांत राहत होते. कोकणातून आलेले अनेक पुरुष तर एकाच खोलीत पथाऱ्या टाकून, पाळीपाळीने झोपून, खाणावळीत जेवून दिवस काढीत. कुटुंब गावीच राही.

कोलकात्याच्या बस्तीची रचना निराळी. तेथे मालकीचे तीन थर आढळतात. जमीनमालक जमीन भाड्याने देई. ठिका भाडेकरू त्या जमिनीवर मातीच्या भिंतीची, कौलारू झोपडी स्वखर्चाने बांधी आणि तिच्या खोल्या तिसऱ्या माणसास भाड्याने देई. यात मोठे भांडवल गुंतत नसे, त्यामुळे मजले चढले नाहीत. वस्ती आडवी पसरली. १९४९ च्या ठिका कायद्याने मधल्या थरास संरक्षण दिले आणि १९८१ च्या कायद्याने अशी जमीन राज्य शासनाकडे घेतली. बस्ती बकालच राहिली, पण तिला कायद्यात स्थान मिळाले. मुंबईच्या झोपडपट्टीला हे स्थान फार उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी लाभले.

शासनाचे हस्तक्षेप

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यातून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोलकात्यात त्याच धर्तीचा ट्रस्ट १९१२ मध्ये कामास लागला. दोहोंचा भर रुंद रस्त्यांवर होता : मुंबईत सँडहर्स्ट रोड व प्रिन्सेस स्ट्रीट, कोलकात्यात चित्तरंजन अव्हेन्यू. दाट वस्त्या फोडून हवा खेळती करावी हा हेतू खरा. पण पाडलेल्या खोल्यांतील माणसे शेजारच्या खोल्यांत शिरली आणि दाटी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत सरकली. दादर-माटुंगा किंवा बालीगंज येथील नव्या आखणीचा लाभ मुख्यतः मध्यमवर्गास झाला.

१९२० मध्ये मुंबई सरकारने स्वतः घरे बांधण्याचे ठरविले. विकास विभागाने, म्हणजे आजच्या बोलीतील बी.डी.डी.ने, ५०,००० गाळ्यांचे उद्दिष्ट ठेवले. प्रत्यक्षात सुमारे १६,००० गाळे झाले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. सुमारे १६० चौरस फुटांच्या या काँक्रीटच्या खोल्या आरंभी भाड्यामुळे कामगारांना परवडेनात. घरटंचाईच्या शहरात सरकारी खोल्या रिकाम्या पडल्या आणि १९३० च्या सत्याग्रहकाळात वरळीच्या चाळींचा उपयोग तात्पुरता तुरुंग म्हणून झाला!

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. भाडेकरू वाचला, मालकाने दुरुस्ती सोडली, पागडी रूढ झाली आणि जुन्या इमारती कोसळू लागल्यावर १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळासाठी कायदा करावा लागला. कोलकात्यासमोर याच काळात फाळणीच्या निर्वासितांचा प्रश्न होता. तेथे १९७० नंतर महानगर विकास प्राधिकरणाने बस्ती न हलविता नळ, संडास आणि पक्क्या गल्ल्या देण्याचा मार्ग स्वीकारला.

आकडे काय सांगतात

२०११ च्या जनगणनेत कोलकाता जिल्ह्याची घनता दर चौरस किलोमीटरला २४,३०६, मुंबई उपनगराची २०,९८० आणि मुंबई शहराची १९,६५२ होती. म्हणजे कागदावर कोलकाता अधिक दाट! परंतु मुंबईच्या क्षेत्रफळात राष्ट्रीय उद्यानाचा भाग, बंदर, नौदल व रेल्वे यांच्या विस्तीर्ण जमिनी येतात. २००१ मध्ये बृहन्मुंबईतील ५४ टक्के लोकसंख्या झोपडपट्टीत नोंदली गेली, कोलकात्यात सुमारे ३२ टक्के. नोंदणीच्या पद्धतीत फरक असल्याने ही तुलना जपून वापरावी लागते. तथापि अधिक श्रीमंत शहराने आपल्या अधिक माणसांना अधिकृत घराबाहेर ठेवले, एवढे त्यातून स्पष्ट होते. जमिनीची किंमत जेथे वेगाने वाढली तेथे श्रमिकाची खोली वाढली नाही.

२००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर आली. कोलकाता जिल्ह्याचीही किंचित घटली. गिरण्यांच्या जागी मनोरे चढत असताना त्या परिसरातील माणसे कमी झाली. बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासात मात्र मूळ रहिवाशांना त्याच ठिकाणी ५०० चौरस फुटांचे घर देण्याचे धोरण ठरले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळी येथील पहिल्या ५५६ कुटुंबांना घराच्या किल्ल्या मिळाल्या. विकास विभागाच्या स्थापनेला तेव्हा १०५ वर्षे झाली होती.