रात्रीचे स्ट्रीट ओरिएंटिअरिंग

रात्रीचे स्ट्रीट ओरिएंटिअरिंग हा शहरातील रस्त्यांवर अंधार पडल्यानंतर, नकाशाच्या आधारे खेळला जाणारा क्लबस्तरीय क्रीडाप्रकार होय. मूळ ओरिएंटिअरिंग रानातले. त्याचा उगम स्वीडनमधील लष्करी शिक्षणात झाला आणि पहिली सार्वजनिक स्पर्धा ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी नॉर्वेत भरली. ब्रिटनमधील क्लब हिवाळ्यातील काळोख्या संध्याकाळी हा खेळ दिव्यांच्या रस्त्यांवर खेळतात.

बहुधा एक तासाची मुदत असते. नकाशावरील प्रत्येक ठिकाणाला गुण असतात. तेथे पोहोचल्याची खूण म्हणून दिव्याच्या खांबावरील क्रमांकासारखा तपशील टिपावा लागतो. उशीर झाल्यास गुण कापले जातात. क्रम खेळाडूनेच ठरवायचा असल्याने चुकीची वाट निवडणारा धावपटू विचारी चालणाऱ्याकडून हरू शकतो.

नकाशा फिरवून प्रत्यक्ष दिशेशी जुळवणे हे पहिले कौशल्य; तो पुस्तकासारखा सरळ धरण्याची शालेय सवय येथे अडथळाच ठरते. चढउतारही जमेस धरावे लागतात. माहूरची रेणुकामाता, दत्तशिखर व अनसूयामाता ही स्थाने नकाशावर जवळ दिसतात, परंतु ती निरनिराळ्या डोंगरांवर आहेत.

महाराष्ट्रात नकाशावाचन, होकायंत्राचा वापर व ध्रुवताऱ्यावरून उत्तर दिशा ओळखणे हे सारे राष्ट्रीय छात्रसेनेत शिकवले जाते.

खरा धोका वाहनांचा. त्यामुळे प्रकाश परावर्तित करणारे कपडे व विजेरी आवश्यक मानतात. ब्रिटनमध्ये १६ वर्षांखालील मुलांना वाहत्या रस्त्यांवर सहसा एकटे धावू देत नाहीत.