मामाचं झेपेलिन

आमच्या घरात एक गोष्ट मी कळायला लागल्यापासून ऐकत आलोय. माझ्या मामानं लेड झेपेलिन प्रत्यक्ष ऐकलंय. १९७२ साली, मुंबईत, कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नावाच्या डिस्कोथेकमध्ये, अगदी दहा फुटांवरून. मुंज असो, बारसं असो, पंगत उठली की कुणीतरी म्हणायचं, "हां मामा, होऊन जाऊ दे!" आणि मामा सुरू. लेड झेपेलिन ही त्या काळातली जगातली सर्वांत गाजलेली बँड वगैरे आम्हाला काय माहीत? आत्याला तर ते विमानाचं नाव वाटायचं. तीही अगदीच चुकीची नव्हती म्हणा, आणि मामा होता ओझरच्या एचएएलमध्ये, त्यामुळे तिचं गणित जुळायचं.

ओझर म्हणजे आमच्यासाठी मिगचा कारखाना. १९६४ साली तो आला आणि द्राक्षांच्या आणि कांद्याच्या त्या मुलखात एकदम बंगळूरची, केरळची, आंध्रची माणसं राहायला आली. शेजारी कन्नड, समोर मल्याळी, वरच्या मजल्यावर गोव्याचं कुटुंब. मामा १९६८ साली शिकाऊ म्हणून लागला तेव्हा त्याला भजन आणि बिनाका गीतमाला एवढंच संगीत ठाऊक होतं. गिटार त्यानं पहिल्यांदा पाहिली ती बंगळूरहून बदलून आलेल्या एका सहकाऱ्याकडे. कोलकत्याहून 'जेएस' नावाचं तरुणांचं इंग्रजी साप्ताहिक निघायचं, त्याचे जुने अंक हातोहात फिरून पार चिंध्या होईपर्यंत वाचले जायचे. मामा फिटर माणूस. नाताळाच्या कार्यक्रमासाठी कॉलनीतल्या पोरांचा अँप्लिफायर बिघडला की तो सोल्डरिंग आयर्न घेऊन हजर. वाजवता त्याला शेवटपर्यंत आलं नाही, पण बिघडलेलं वाजतं करायचा.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे, आपल्याकडच्या रॉकचा इतिहास बराचसा असाच घडलाय. परदेशी वाद्यं आयात करणं म्हणजे दिव्यच होतं. मिळेल ती देशी गिटार, स्थानिक मेकॅनिककडून जोडून घेतलेले स्पीकर, रेकॉर्ड पन्नासदा ऐकून उतरवून घेतलेले शब्द. एका सिगारेट कंपनीनं 'सिमला बीट' नावाची स्पर्धा भरवली, षण्मुखानंदला, आणि १९७० व १९७१ साली निवडक बँडच्या रेकॉर्डही काढल्या. सिगारेट विकायला निघाले आणि मागे पुरावा ठेवून गेले! बाकी बहुतेक बँडचं काहीच उरलेलं नाही. ना रेकॉर्ड, ना फिल्म. उरल्या त्या ऐकणाऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी.

आणि गोष्टींचं तर तुम्हाला माहीतच आहे. 'स्लिप डिस्क'मध्ये त्या रात्री जेवढी माणसं मावत असतील त्याच्या कितीतरी पट माणसं 'मी तिथे होतो' म्हणतात.

आता माझी स्वतःची गोष्ट. १९८८ च्या ऑगस्टमध्ये मामा मला 'इंडिपेंडन्स रॉक'ला घेऊन गेला. हा महोत्सव फरहाद वाडिया यांनी १९८६ साली सुरू केला होता, स्वातंत्र्यदिनाच्या आसपास व्हायचा, म्हणून हे नाव. मी कॉलेजात, आईला सांगितलं 'मामाबरोबर मुंबई बघायला जातो'. पंचवटी एक्स्प्रेसनं व्हीटी, तिथून चालत धोबी तलाव. रंगभवन म्हणजे सरकारी खुलं नाट्यगृह, सेंट झेवियर्स कॉलेजला लागून. वरती छप्पर नाही, ऑगस्टचा पाऊस, आणि काळे टीशर्ट घातलेली हजारो पोरं चिखलात. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेलो होतो. असो.

तिथला रिवाज मला फार विचित्र वाटला. स्टेजवरच्या पोरांनी स्वतःचं गाणं सुरू केलं की खालून आरडाओरडा, परदेशी बँडचं गाणं लावलं की टाळ्या. आपण नक्कल करावी यासाठी लोक पैसे देऊन आले होते! 'रॉक मशीन' ही बँड या बाबतीत वेगळी निघाली. त्यांनी त्याच वर्षी स्वतःच्या गाण्यांचा 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा अल्बम काढला, पुढे १९९० साली आणखी एक, आणि १९९३ साली नाव बदलून 'इंडस क्रीड' झाले. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. तिनईकर! ते नाव कॅसेटच्या कागदावर वाचलं तेव्हा मी मामाला दाखवायला सायकलवरून ओझरला गेलो होतो. "बघ, आपलाच आहे," मामा म्हणाला, जणू कारखान्यात बढती झालीय कुणाची.

रंगभवन पुढे गप्प झालं. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, न्यायालयं यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरलं, आणि रंगभवनच्या आजूबाजूला कॉलेजही आणि कामा हॉस्पिटलही. काही वर्षांत तिथले असे कार्यक्रम थांबले. मला याबद्दल रागही धरता येत नाही. माझी आई शेवटी हॉस्पिटलात होती तेव्हा खालून गेलेल्या वरातीला मी मनातल्या मनात काय काय म्हणालो होतो ते मला आठवतं. पण त्या जागेवरून जाताना पोटात तुटतं, हेही खरंच.

जागा गेली तसे सांगणारे पुढे आले. सिद्धार्थ भाटिया यांनी साठ-सत्तरच्या दशकातल्या त्या पिढीला गाठून, बोलतं करून २०१४ साली 'इंडिया सायकेडेलिक' हे पुस्तक लिहिलं. 'इंडस क्रीड' १९९७ साली मोडली होती, ती २०१० मध्ये पुन्हा जमली आणि दोन वर्षांनी नवा अल्बमही केला, डोक्यावरचे केस गेल्यावर. हे सगळं इंग्रजीत. मराठीत आपण याकडे 'त्यांचं' म्हणूनच पाहिलं. पारशी, गोवेकर, कुलाबा-बांद्र्याच्या पोरांचं खूळ.

आणि इथेच मामाची दुसरी गोष्ट येते. ती कुणालाच नको असायची.

मामा म्हणायचा, १९७८ साली पुण्याला बहिणीकडे गेलो होतो तेव्हा पुलंचं एक नाटक पाहिलं, त्यात एक रॉकवाला गात होता. यावर घरात हशा व्हायचा. पुलंच्या नाटकात पेटी असेल, तबला असेल, रॉकवाला कुठून येणार? आजोबांनी तर, "तू चुकून भलत्याच थिएटरात शिरला असशील," असं म्हणून विषय संपवला होता. म्हणजे आमच्या घरात झेपेलिनवर सगळ्यांचा विश्वास आणि पुलंवर कुणाचाच नाही!

एप्रिल २०१४ मध्ये नंदू भेंडे गेल्याची बातमी वाचली आणि मी खुर्चीतून उठलोच. नाटक 'तीन पैशाचा तमाशा'. ब्रेख्तच्या 'थ्रीपेनी ऑपेरा'वरून पुलंनी केलेलं, जब्बार पटेलांनी थिएटर अकॅडमीसाठी बसवलेलं. आणि त्यातला गुंड नायक होते नंदू भेंडे. मराठी रंगभूमीशी नातं असलेल्या भेंडे कुटुंबातला हा मुलगा मुंबईच्या रॉक बँडमध्ये गायचा. 'वेल्व्हेट फॉग' त्यातलीच एक. अलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्यांनी ज्यूडास केला होता. 'डिस्को डान्सर'मधलं 'कृष्णा धरती पे आजा तू' ऐकलंय ना? ते त्यांचंच. म्हणजे ज्या संगीताला आपण 'त्यांचं' म्हणत होतो, तेच पुलंचा हात धरून मराठी रंगमंचावर येऊन उभं राहिलं होतं, आणि आमच्या घरातल्या एका माणसानं ते पाहिलंही होतं.

मग मी झेपेलिनच्याही मागे लागलो. (हा माझा दोष. एक धागा सापडला की सगळा स्वेटर उसवतो.) १९७२ साली मुंबईला आले होते ते फक्त दोघे, जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट. 'स्लिप डिस्क'मध्ये त्यांनी खरंच वाजवलं, साथीला स्थानिक मुलं होती. पण मामाच्या गोष्टीत कायम चौघे असायचे. त्यांच्या ड्रमरच्या दंडांचं वर्णन तर तो इतकं रंगवायचा की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. तो ड्रमर, जॉन बॉनहॅम, त्या फेरीला मुंबईत नव्हताच.

गेल्या दिवाळीत ओझरला गेलो तेव्हा विचारलं. मामी आत करंज्या तळत होती, तरी मी आवाज खाली ठेवला. मामा आता सत्याहत्तर वर्षांचा आहे. आधी त्यानं चष्मा पुसला.

"मी नव्हतो रे तिथे. माझी सेकंड शिफ्ट होती त्या आठवड्यात. तो बंगळूरवाला गेला होता, त्यानं येऊन सांगितलं. तोही दारापर्यंतच गेला होता म्हणे."

"मग इतकी वर्षं?"

"पुलंचं खरं सांगितलं तेव्हा हसलात सगळे. हे सांगितलं की पुन्हा पुन्हा सांगायला लावायचात."

यावर मला काही बोलता येईना. हसणाऱ्यांत मीही होतो.

त्या दोघांनी त्या वर्षी मुंबईतल्या वादकांना घेऊन स्टुडिओत काही ध्वनिमुद्रणंही केली होती. ती अधिकृतपणे बाहेर आली थेट २०१५ साली, 'कोडा' या अल्बमच्या नव्या आवृत्तीत. माझ्या फोनवर होती, मामाच्या कानाला लावली. तबला सुरू झाला तशी त्याची बोटं खुर्चीच्या हातावर हलायला लागली. ही तरी नक्की मुंबईची, मी म्हणालो. त्यानं दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा लावायला गेलो तर हात पुढे केला, थांब म्हणून.

"पुलंच्या त्या नाटकातलं मिळेल का काही? तो पोरगा गात होता ते?"

बघतो म्हटलंय. तुमच्यापैकी कुणाकडे, कुणाच्या आईवडिलांच्या कपाटात जुनी कॅसेट असेल तर कळवा. आणि मामीला यातलं काही सांगू नका, तिनं त्या झेपेलिनवर भाळून होकार दिला होता.