ट्रकखालचा लाल डाग आणि न दिसणारी गळती

मागच्या आठवड्यात आमच्या लॅबमधल्या ज्युनिअरने विचारलं, "द्रावणातला मिथिलीन ब्लू कमी होतोय, पण माझ्या पदार्थावर तेवढा सापडत नाही. मोजमाप चुकलं असं समजून सोडून देऊ का?" मला एकदम जुने अमेरिकी ट्रक आठवले. हसू नका, संबंध आहे.

जनरल मोटर्सने १९३९ मध्ये, १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी, हायड्रा-मॅटिक हे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन आणलं. महायुद्धात ते एम५ रणगाड्यातही बसलं. यातलं तेल नुसतं वंगण नसतं. इंजिनाची ताकद तेच पुढे पोचवतं, दाब देऊन क्लच आवळतं, उष्णताही वाहून नेतं. तेल कमी झालं की क्लच घसरतात आणि जळतात. म्हणून गळती वेळेत शोधणं महत्त्वाचं. (या तेलात बरीच वर्षं स्पर्म व्हेलचं तेल मिसळत असत. तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे.)

हे तेल मुळात लाल नसतं. इंजिन ऑइलपेक्षा वेगळं ओळखू यावं म्हणून त्यात रंग घालतात. म्हणजे बघा, जमिनीवरचा लाल डाग हा कोणीतरी आधीच पेरून ठेवलेला पुरावा आहे.

पण पुढे हेच तेल बऱ्याच गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही वापरलं जाऊ लागलं. त्यामुळे लाल म्हणजे ट्रान्समिशन, हे समीकरण मोडलं. त्यात जुनं झालेलं तेल तपकिरी पडतं. शिवाय वर कुठेतरी गळलेलं तेल ओघळून आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे सरकून भलत्याच बोल्टवरून ठिबकतं. डाग जिथे आहे त्याच्या वरचं गॅस्केट बदलून पैसे घालवणारे खूप. जाणता मेकॅनिक आधी सगळं धुऊन कोरडं करतो, गाडी थोडी फिरवतो आणि मग सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली जागा शोधतो. आता तेलात चमकणारा डाय टाकून अल्ट्राव्हायोलेट दिव्याखालीही बघतात. युक्ती जुनीच, खूण नवीन.

मला खरी गंमत वाटते ती डाग न पडणाऱ्या गळतीची. १९६४ मध्ये टर्बो-हायड्रामॅटिक ४०० आलं, १९६९ मध्ये त्याचं ३५० हे भावंड. शेव्हरोलेच्या पिकअप ट्रकांत दोन्ही वापरली गेली. इंजिनावर किती लोड आहे हे ट्रान्समिशनला कळावं म्हणून त्यांत व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो. हा एक छोटा पत्र्याचा डबा, आत लवचिक पडदा. पडद्याच्या एका बाजूला ट्रान्समिशन, दुसऱ्या बाजूला इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डपर्यंत गेलेली नळी. पडदा फाटला की इंजिन त्या नळीतून तेल ओढून घेतं आणि जाळून टाकतं. डिपस्टिकवर पातळी उतरत जाते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, पण जमीन कोरडी! अशा वेळी एकेक सील बदलत बसलात तरी काही उपयोग नाही. तपासणी मात्र अगदी साधी. मॉड्युलेटरवरची नळी उपसायची. आत तेल दिसलं की चोर सापडला.

यावर मी लगेच विश्वास ठेवला, कारण मीही फसलेय. एकदा वीज गेली आणि आमचा रोटरी पंप व्हेंट न होताच थांबला. त्याचं तेल उरलेल्या व्हॅक्यूमने उलटं नळीत चढलं. मी मात्र पंपाखाली टिश्यू पेपर पसरून थेंबांची वाट बघत होते.

तर ज्युनिअरला मी म्हटलं, मोजमापाला नंतर शिव्या घाल. आधी द्रावण कुठून कुठे जातं ते कागदावर काढ आणि वाटेत ते कशाकशाला लागतं ते लिही. बीकर, पिपेट, फिल्टर, सगळं.

काल त्याने डस्टबिनमधून वापरलेले फिल्टर पेपर काढून आणले. निळेशार होते.