बेसवाल्याचा आवाज

गेल्या महिन्यात भाच्याच्या बँडचा कार्यक्रम झाला. कॉलेजातल्या चार दोस्तांचा बँड, त्यात हा बेस गिटार वाजवतो. कार्यक्रम संपल्यावर ताई कौतुकानं म्हणाली, "छान झालं रे सगळं. पण तू नक्की काय वाजवत होतास? मला ऐकूच आलं नाही." पोराचा चेहरा पडला. परतताना गाडीत त्यानं जाहीर केलं, "मामा, मला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प घ्यायचाय. तीनशे वॉटचा. कुठला घेऊ सांग."

मला विचारायचं कारण म्हणजे जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंच्या पोटात हात घालायची माझी जुनी खोड. मग काय, बसलो वाचत. आणि वाचता वाचता लक्षात आलं की आपलं वाजवणं कुणाला ऐकू जात नाही, हे दुखणं भाच्याचं एकट्याचं नाही. बेस अ‍ॅम्पचा सगळा इतिहासच त्यातून घडलाय.

मुळात अडचण निसर्गाची आहे. साध्या गिटारची सर्वात जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, बेसची ४१ वेळा. आपले कान इतक्या खालच्या सुरांना जरा मठ्ठच असतात. त्यामुळे गिटारइतकंच ऐकू यायचं तर बेसला कितीतरी जास्त ताकद लागते.

लिओ फेंडरनं १९५१ साली कॅलिफोर्नियात प्रिसिजन बेस बाजारात आणला. त्याला जोड म्हणून १९५२ मध्ये 'बासमन' हा अ‍ॅम्प आला. २६ वॉट, १५ इंची एकच स्पीकर. पुढे त्यात १० इंची चार स्पीकर बसवले. पण खोकं मागून उघडं, त्यामुळे खालचे सूर घट्ट येत नसत, आणि जोरात वाजवलं की आवाज फाटायचा. गंमत म्हणजे तो फाटलेला आवाज गिटारवाल्यांना भलताच आवडला! लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात १९६२ च्या सुमारास याच बासमनचं सर्किट जवळजवळ जसंच्या तसं उचललं गेलं आणि पहिला मार्शल अ‍ॅम्प तयार झाला. बेसवाल्यासाठी केलेली वस्तू गिटारवाल्यांनी पळवली ती अशी.

दुसरा माणूस एव्हरेट हल. हा स्वतः डबल बेस वाजवायचा. माणसाहून उंच असं हे वाद्य खाली एका खुंटीवर टेकवून उभं धरतात. बँडमध्ये आपला आवाज बुडतो म्हणून १९४० च्या दशकात हलनं त्या खुंटीच्या वरच्या टोकाला, वाद्याच्या पोटात, मायक्रोफोन बसवला. खुंटी म्हणजे पेग, म्हणून कंपनीचं नाव अ‍ॅम्पेग. हलला फाटका आवाज अजिबात खपायचा नाही. १९६० मध्ये त्याच्या कंपनीनं 'बी-१५' काढला. जेस ऑलिव्हरची ही रचना. २५ वॉट, बंद खोकं, १५ इंची स्पीकर, आणि वरचा अ‍ॅम्प उलटा करून खोक्यातच बसवून न्यायची सोय. डेट्रॉइटचा जेम्स जेमरसन क्लबात हाच वापरायचा. मोटाउनच्या स्टुडिओत मात्र त्याचा बेस बहुतेक वेळा वायरीनं थेट रेकॉर्डिंगच्या मिक्सरला जोडलेला असे.

मग रॉकचे कार्यक्रम मोठमोठ्या स्टेडियमांत होऊ लागले आणि २५ वॉट म्हणजे समुद्रात पणती झाली. हल कंपनीतून बाहेर पडल्यानंतर, १९६९ मध्ये, त्याच अ‍ॅम्पेगनं 'एसव्हीटी' आणला. ३०० वॉट, १४ व्हॉल्व्ह, नुसत्या हेडचं वजन ३५ किलोच्या वर, स्पीकरची खोकी वेगळीच. रोलिंग स्टोन्सनी त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यावर हे अ‍ॅम्प वापरले. भाच्याच्या डोक्यात बसलेले तीनशे वॉट ते हेच.

आता एक हिशेब सांगतो, जो मी त्यालाही कागदावर मांडून दाखवला. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला ताकद साधारण दहापट लागते. म्हणजे ३० वॉटच्या जागी ३०० वॉट आणून आवाज दहापट होत नाही, जेमतेम दुप्पट वाटतो. आणि त्या दुपटीसाठी तिसऱ्या मजल्यावरून, लिफ्ट नसताना, ते धूड कोण उतरवणार? ड्रमर तर आधीच आपले ड्रम उचलून दमलेला असतो.

शिवाय व्हॉल्व्हचे नखरे वेगळे. आत चारशे-पाचशे व्होल्ट खेळत असतात आणि बंद केल्यावरही काही वेळ कपॅसिटरमध्ये दबा धरून बसतात. स्पीकर न जोडता वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. व्हॉल्व्ह झिजतात, बदलावे लागतात. मग घ्यायचाच कशाला? कारण थोडं जोरात वाजवलं की व्हॉल्व्ह एकदम कडकड न करता सुराला हळूहळू दाबत, गोल करत नेतो. आमच्या आजोबांच्या रेडिओवर बातम्या सांगणाऱ्याचा आवाजही असाच भरदार यायचा.

शेवटी एक जुना, ३० वॉटचा, बंद खोक्याचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प मिळाला. तालमीला आणि स्टेजवर स्वतःला ऐकू यायला तेवढा पुरतो. हॉलमधल्या लोकांसाठी बेसची एक वायर डीआय बॉक्समधून थेट मोठ्या साउंड सिस्टीमला. जेमरसनची वायर जायची मिक्सरला, तशीच. आणि गिटारवाल्या दोस्ताला सांगितलं, की बाबा, तुझा आवाज जरा खाली घे. खरं सांगू, सगळ्यात जास्त फरक त्यानंच पडला!

परवा पुन्हा कार्यक्रम होता. ताईला मुद्दाम पुढे बसवलं होतं. संपल्यावर भाचा काही न बोलता तिच्याकडे बघत उभा राहिला.

"आज खुर्ची हलत होती रे माझी," ती म्हणाली. "तो तूच ना?"