किएउचे वचन

व्हिएतनामी महाकवी न्ग्वेन झू (मृत्यू १८२०) याच्या घराण्याने ज्या ले राजवंशाची सेवा केली, तो १७८९ मध्ये लयास गेला. १८०२ नंतर कवीने नव्या राजवंशाची चाकरी पत्करली. त्याच्या ३२५४ चरणांच्या काव्यातील किएउ पिता व बंधू यांच्या सुटकेसाठी स्वतःस विकते आणि प्रियकरास दिलेले वचन धाकट्या बहिणीने पाळावे, अशी तिला विनवणी करते. मला विक्रीहून ही विनवणी अधिक दारुण वाटते. देह परक्याचा झाला तरी वचन आपलेच उरते. किएउ तेही देऊन टाकते. हरिश्चंद्राख्यान मी वर्गात वर्षानुवर्षे सांगितले. त्यात गेलेले सर्व परत येते. किएउलाही पंधरा वर्षांनी प्रियकर भेटतो, विवाहही होतो. परंतु ती त्याच्याजवळ केवळ सख्य मागते. तीन राजवटी पाहिलेल्या कवीस याहून सुखान्त शेवट लिहवला नसावा.